विदर्भांतील शिलावर्तुळें आणि समाजाचें अनुमान : तीन उत्खननवृत्तांतांचें परीक्षण

विदर्भांतील शिलावर्तुळांविषयीं जें उत्खननवाङ्मय आजवर प्रसिद्ध झालें आहे, त्यांत तीन वृत्तांत पायाभूत मानण्यास हरकत नाहीं. पहिला टाकळघाट व खापा येथील १९६८-६९ च्या उत्खननाचा. तो नागपूर विद्यापीठानें १९७० मध्यें छापला. दुसरा माहुरझरी येथील १९७० ते १९७२ च्या उत्खननाचा. तो १९७३ मध्यें निघाला. या दोहोंचे कर्ते डॉ. शां. भा. देव. तिसरा नैकुंड येथील उत्खननाचा. तो देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनीं मिळून लिहिला आणि १९८२ मध्यें प्रसिद्ध झाला.

या ग्रंथांस आतां चाळीस-पन्नास वर्षें लोटलीं असतां त्यांचें परीक्षण आज कशासाठीं, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. त्याचें उत्तर असें कीं, ग्रंथ जुने झाले तरी त्यांवरून काढलेलीं अनुमानें जुनीं झालेलीं नाहींत. तीं शाळांतून, व्याख्यानांतून व लोकांच्या बोलण्यांतून अद्याप फिरत आहेत, आणि त्यांतलें एक फिरविण्याचा दोष प्रस्तुत लेखकाकडे येतो. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मीं तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत शिकविलें. नोकरीच्या आरंभींच माहुरझरीचा वृत्तांत हातीं पडला. शतपथ ब्राह्मणांतील एका स्थळाशीं त्याचा मेळ घालून, विदर्भांतील वर्तुळें म्हणजे वेदांत सांगितलेलीं असुरांचीं स्मशानें होत, असें विधान मीं वर्गांत वर्षानुवर्षें केलें. मुलांस तें आवडे, व मलाही. गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आतां स्वतः शिक्षक आहे. त्यानें आपल्या वर्गासाठीं काढलेलें टिपण दाखविलें. त्यांत तेंच वाक्य होतें, आणि खालीं ‘आमच्या गुरुजींचें मत’ असा शेरा होता. त्या वाक्यास आधार किती, हें पाहण्यासाठीं मीं तिन्ही वृत्तांत पुन्हा आरंभापासून वाचले. त्या वाचनाचा निष्कर्ष येथें मांडीत आहें.

(१) वर्तुळें आणि त्यांतील वस्तु

प्रथम ज्या वास्तूंविषयीं हा वाद आहे त्यांचें स्वरूप सांगितलें पाहिजे, कारण कोंकणांतील वाचकांस त्या पाहावयास मिळत नाहींत. मोठमोठे धोंडे एकास एक लागून वर्तुळाकार मांडलेले असतात. वर्तुळाच्या आंत माती व लहान दगडगोटे यांची भर असून मध्यभागीं तिला किंचित् फुगवटा येतो. त्या भरीखालीं मनुष्याचीं हाडें व त्यांबरोबर ठेविलेल्या वस्तु सांपडतात. हाडें बहुधा संपूर्ण सांगाड्याचीं नसून वेंचून आणून ठेविल्यासारखीं असतात. म्हणजे प्रेताची कांहीं व्यवस्था आधीं अन्यत्र झालेली असून वर्तुळांतील दफन हा मागाहूनचा विधि असावा. नागपुराहून काटोलच्या वाटेवर जुनापाणी येथें अशीं सुमारें ३०० वर्तुळें आहेत. वर्धा जिल्ह्यांत खैरवाडा येथें १४०० हून अधिक मोजलीं गेलीं. जुनापाणीचें उत्खनन केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनीं १९६१-६२ मध्यें केलें.

वर्तुळांतील वस्तूंत काळीं-तांबडीं मातीचीं भांडीं, अभ्रकमिश्रित मातीचीं तांबडीं भांडीं, लोखंडाच्या कुऱ्हाडी, तासण्या, छिन्न्या, सुऱ्या व पळ्या, तांब्याचीं झांकणें व कांकणें, आणि अकीक जातीच्या तांबूस दगडाचे मणी हे प्रमुख होत. माहुरझरीस घोड्याचे अवशेष सांपडले, त्यांच्या हाडांवर हत्याराचे वार दिसले, आणि घोड्याच्या मस्तकावर घालावयाचे तांब्याचे अलंकार व लोखंडी लगामही मिळाले. या सर्वांचा काळ सामान्यतः इ. स. पू. ८०० ते ४०० असा धरतात. म्हणजे हे लोक सातवाहनांच्या आधीं कित्येक पिढ्या होऊन गेले. लोखंड त्यांस पूर्ण अवगत होतें, परंतु लेखनाचा एकही अवशेष त्यांनीं मागें ठेविला नाहीं. ज्यांनीं स्वतःविषयीं कांहीं लिहून ठेविलें नाहीं, त्यांच्यासंबंधीं इतरांनीं पुष्कळ लिहिलें, हें पुढें दिसेल.

(२) चार मतें

या वर्तुळांचे कर्ते कोण, या प्रश्नावर आजवर झालेल्या मतांपैकीं चार विचारांत घेण्यासारखीं आहेत.

पहिलें मत खेड्यांतील लोकांचें. हीं वर्तुळें जुन्या गवळ्यांच्या गोठाणाचीं होत, अशी समजूत नागपूर प्रांतांत पूर्वींपासून होती. दुसरें मत इंग्रज अधिकाऱ्यांचें. रिव्हेट-कार्नॅक यांनीं १८७९ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत या वर्तुळांचें वर्णन दिलें. धोंड्यांवर वाटीसारखे कोरलेले खळगे त्यांनीं बारकाईनें टिपून घेतले, हें त्यांचें श्रेय निर्विवाद आहे; परंतु ते व त्यांचे समकालीन यांचें लक्ष स्वदेशांतील प्राचीन थडग्यांशीं असलेल्या सादृश्याकडे सारखें ओढलें जात होतें. तिसरें मत लेश्निक यांचें. त्यांनीं १९७४ मध्यें दक्षिण हिंदुस्थानांतील महाश्म दफनांवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला आणि हीं दफनें करणारे लोक मुख्यतः घोडे बाळगणारे, फिरते पशुपालक होते असें प्रतिपादन केलें. घोड्याचा साज, शस्त्रें आणि वस्तीच्या खुणांची उणीव हे त्यांचे मुख्य आधार. चौथें मत आमच्यासारख्या संस्कृतज्ञांचें, आणि तें वर सांगितलेंच आहे.

हीं चार मतें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट लक्षांत येते. गुरें चारणाऱ्या खेडुतास वर्तुळांत गोठाण दिसलें, इंग्रजास ब्रिटनमधील थडगीं दिसलीं, आणि संस्कृत शिक्षकास शतपथाचें पान दिसलें. ज्यानें त्यानें आपल्या घरचेंच कांहीं तेथें नेऊन ठेविलें. लेश्निक यांची गोष्ट निराळी, कारण त्यांनीं वस्तूंची छाननी करून मत बनविलें. तथापि निष्कर्ष पाहतां त्यांचा फिरता पशुपालक हा खेड्यांतल्या समजुतींतला गवळीच होय. लोकसमजूत आणि विद्वानाचें मत जुळलें एवढ्यानें दोहोंस पुष्टि मिळत नाहीं. दोघांनींही पाहिलें तें वर्तुळच; दोघांच्याही डोळ्यांसमोर वस्ती नव्हती.

(३) शतपथाचा पुरावा

आतां माझ्या स्वतःच्या मताची परीक्षा करितों. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडाच्या आठव्या अध्यायांत पितृमेधाचा, म्हणजे अस्थि पुरून वर माती रचण्याचा विधि आहे. तेथें ग्रंथकार सांगतो कीं देवांच्या पक्षाचे लोक आपलें स्मशान चौकोनी करितात, आणि असुर, प्राच्य व इतर लोक तें वाटोळें करितात. याच कांडाचा मोठा भाग अश्वमेधाचा आहे. एकीकडे माहुरझरीचीं वाटोळीं दफनें व वार झालेला घोडा, दुसरीकडे एकाच कांडांत वाटोळें स्मशान व अश्वाचा मेध. तरुण शिक्षकास मोह पडण्यास इतकें पुरेसें होतें. परंतु तें स्थळ नीट वाचिलें असतां पुढील चार आक्षेप उभे राहतात, आणि एकाचेंही समाधान मला करितां आलें नाहीं.

पहिला आक्षेप दिशेचा. ग्रंथकार ‘प्राच्य’ म्हणतो, म्हणजे पूर्वेकडील लोक. विदर्भ हा वैदिक मध्यदेशाच्या पूर्वेस नसून दक्षिणेस आहे. ‘प्राच्य’ शब्दाचा अर्थ ताणून तो दक्षिणेस लावावयाचा, तर तसा प्रयोग अन्यत्र दाखविला पाहिजे. तो मला दाखवितां आला नाहीं.

दुसरा आक्षेप विदर्भाच्या उल्लेखाचा. ऐतरेय ब्राह्मणांत विदर्भाच्या भीमाचें नांव येतें, आणि तें यज्ञविद्या मिळविणाऱ्यांच्या मालिकेंत येतें. म्हणजे ब्राह्मणग्रंथांस विदर्भ जेथें ठाऊक आहे तेथें तो असुरांचा देश म्हणून नव्हे. माझें मत खरें असतें तर हा उल्लेख अगदीं उलट असावयास हवा होता.

तिसरा आक्षेप दगडांचा. आपल्या चौकोनी स्मशानाभोंवतींही दगडांचें कुंपण घालावें, असें शतपथकारच सांगतो. तेव्हां दगडांनीं वेढलेलें दफन ही केवळ परक्यांची खूण ठरत नाहीं. बाकी राहतो तो केवळ आकार. वर्तुळाकार दफनें तर विदर्भाच्या दक्षिणेस कर्नाटकांत व त्याहीपलीकडे दूरवर पसरलेलीं आहेत. आकारावरून एक वंश ठरविला, तर या सर्व प्रदेशांतील लोक एकाच वंशाचे मानावे लागतील, आणि तसें कोणी सिद्ध केलेलें नाहीं.

चौथा आक्षेप ग्रंथाच्या हेतूचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. शतपथकार शेजाऱ्यांचें वर्णन लिहावयास बसलेला नाहीं. तो आपल्या यजमानास विधि शिकवीत आहे. ‘ते वाटोळें करितात’ या वाक्याचा उपयोग ‘आपण चौकोनी करावें’ हें ठसविण्यासाठीं आहे. अशा वाक्यावरून त्या काळीं वाटोळीं स्मशानें करणारे शेजारी ग्रंथकारास माहीत होते इतकेंच निघतें. ते कोणत्या गांवचे, हें त्यावरून निघत नाहीं.

घोड्याविषयींही असेंच. अश्वमेधांत घोडा राजाच्या ऐश्वर्यासाठीं मारला जातो. माहुरझरीचा घोडा मृताबरोबर पुरलेला आहे. दोन्हीं ठिकाणीं घोडा आहे आणि दोन्हीं ठिकाणीं तो मारलेला आहे, एवढ्यावरून दोन विधि एक होत नाहींत. सारांश, माझें विधान साधार नव्हतें, आणि तें मी या लेखानें परत घेतों.

तथापि शतपथाचें हें प्रकरण महाश्मांच्या अभ्यासकास अगदींच निरुपयोगी आहे असें नाहीं. मृताच्या वर्णाप्रमाणें स्मशानावरील मातीची उंची किती ठेवावी याचे नियम तेथें दिले आहेत. क्षत्रियास अधिक, शूद्रास कमी. दफनाच्या आकारमानांत समाजांतील पायरी दिसूं शकते, ही कल्पना त्यावरून सुचते. ती विदर्भास लागू आहे कीं नाहीं, हें मात्र विदर्भांतील वर्तुळें मोजूनच ठरवावयाचें.

(४) पांढरीचा पुरावा

आपल्या खेड्यांत गांवठाणाच्या जमिनीस पांढर आणि शेताच्या जमिनीस काळी म्हणतात. जुन्या वस्तीची जागा शोधणारे पुरातत्त्वज्ञही प्रथम पांढरीचें टेंकाड विचारीत येतात. महाश्मकालीन समाज ओळखण्यास स्मशान, पांढर व काळी या तिन्हींचा पुरावा पाहिजे. वर दिलेल्या चार मतांचा समान दोष असा कीं, चारही एकट्या स्मशानावर उभारलेलीं आहेत.

या दृष्टीनें तिन्ही वृत्तांतांचें मोल एकसारखें नाहीं. टाकळघाट-खापा वृत्तांताचें श्रेय हें कीं, त्यांत खापा येथील वर्तुळांबरोबर टाकळघाट येथील वस्तीही खणली गेली, आणि दोन्हीं ठिकाणचीं भांडीं एकाच जातीचीं निघालीं. म्हणजे वर्तुळें करणाऱ्यांस घर होतें. लेश्निक यांचा ग्रंथ निघाला तेव्हां या वृत्तांतास चार वर्षें होऊन गेलीं होतीं. तेव्हां वस्तीच्या अभावावर इतका भर देण्यास विदर्भापुरतें तरी कारण उरलें नव्हतें.

पेंच नदीच्या कांठचा नैकुंडचा वृत्तांत याहून पुढें जातो. तेथें वस्तीच्या खननांत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ती वाटोळी व लहानशी असून वक्र विटांची केलेली होती. तिच्याजवळ भात्याची हवा आंत नेणाऱ्या मातीच्या नळ्या व लोखंडाची मळी सांपडली. तिचा काळ इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपासचा धरितात. धातूच्या बाजूचा अभ्यास डॉ. वि. द. गोगटे यांनीं केला. धान्याच्या अवशेषांत तांदूळ, जव, मसूर व वाटाणा आहेत. जनावरांच्या हाडांत गुरें व शेळ्यामेंढ्या आहेत. जव, मसूर व वाटाणा हीं रब्बीचीं पिकें, तांदूळ पावसाळ्यांतला. ज्यांच्या घरीं दोन्ही हंगामांचें धान्य आहे, ते वर्षाचा मोठा भाग एका जागीं राहात असले पाहिजेत. त्यांच्यापैकीं कांहीं माणसें गुरें घेऊन उन्हाळ्यांत रानोमाळ जात असतील. तें शेतीस विरोधी नाहीं. आजही धनगराचा कळप शेतांत बसतो आणि शेतकरी त्याची वाट पाहतो.

भट्टीही तेंच सांगते. धातुपाषाण आणावयाचा, कोळसा पाडावयाचा, भाता सतत चालवावयाचा, आणि निघालेला लोखंडाचा गोळा घणाखालीं घालून मळी काढावयाची, हें काम जाणत्या हातांचें असून तें एका हंगामांत शिकतां येत नाहीं. माहुरझरीस २००१ नंतर डॉ. र. कु. मोहंती यांनीं केलेल्या कामांत मणी घडविण्याचा उद्योग तेथेंच चालत असल्याचें दिसून आलें. अकीक दगड भाजून, फोडून, घांसून, भोंक पाडून त्याचा मणी करावयाचा, तर तो करणाऱ्याचें पोट दुसऱ्या कोणाच्या धान्यावर भरलें पाहिजे. म्हणजे काळीवरचा शेतकरी, भट्टीवरचा लोहार आणि मणी करणारा कारागीर हे तिघे एकमेकांस धरून होते. हा समाज घोडेस्वारांच्या टोळीचा नव्हे.

(५) वर्तुळांत कोण ?

येथें एक साधा हिशेब मांडतों. जुनापाणीचीं ३०० वर्तुळें ४०० वर्षांत वांटलीं तर वर्षास एकही पूर्ण पडत नाहीं. अर्वाचीन वैद्यकापूर्वीं हजार माणसांत वर्षास चाळीस मृत्यु धरणें अवाजवी नाहीं. त्या मानानें शंभर वस्तीच्या एका वाडीतही वर्षास चार मृत्यु होतील. तेव्हां एका वर्तुळांत दोन-तीन व्यक्तींच्या अस्थि धरल्या तरी एका लहान वाडीचे सर्व मृतही जुनापाणीच्या वर्तुळांत बसत नाहींत. खैरवाड्याची संख्या याच्या चौपटीहून अधिक. वर्षास तीन-चार वर्तुळें. तेथें एखाद्या वाडीचा मेळ बसेल, परंतु इतकें मोठें स्मशान एकट्या वाडीचें असणें कठीण. तें अनेक गांवांचें असेल तर तेथेंही प्रत्येक गांवांतील थोडेच लोक येऊन पोहोंचले असले पाहिजेत.

हिशेब ढोबळ आहे. ४०० च्या जागीं ३०० वर्षें घेतलीं तरी मुद्दा बदलत नाहीं. वर्तुळांत पुरणें हा सर्वांचा मृत्युसंस्कार नव्हता, तो निवडकांचा मान होता. बाकीच्यांस जाळलें, कीं नदींत सोडलें, कीं साध्या खड्ड्यांत पुरलें, याची खूण राहिलेली नाहीं. मग घोडा, सोनें व तांब्याचा साज पाहून ‘हे लोक घोडेस्वार होते’ असें म्हणणें म्हणजे संस्थानिकांच्या छत्र्या पाहून सगळी रयत हत्तीवर बसत होती असें म्हणण्यासारखें आहे. घोडा निवडकांचा होता. ज्यांनीं ते मणामणाचे धोंडे ओढून आणले, लोखंड गाळलें आणि मसूर पेरला, त्यांचें मरण वर्तुळांत नाहीं. त्यांचें जिणें पांढरींत आहे, आणि पांढर फारच थोडी खणली गेली आहे.

(६) वृत्तांतांतील उणीवा

या ग्रंथकर्त्यांविषयीं मला पूर्ण आदर आहे. ज्या काळीं विदर्भाचा प्राचीन इतिहास वाकाटकांपासून आरंभ करण्याची रीत होती, त्या काळीं देवांनीं तो हजार वर्षें मागें नेला. तथापि तीन उणीवा दाखविणें अवश्य आहे.

पहिली ही कीं, माहुरझरीच्या वृत्तांताचा भर वर्तुळांवर व त्यांतील वस्तूंवर आहे. वस्तूंची सूचि उत्तम आहे. परंतु वाचकाच्या मनांत जो समाज उभा राहतो तो मृतांच्या थाटाचा. नैकुंडचा वृत्तांत पुढें निघाला नसता तर हें चित्र तसेंच राहिलें असतें. दुसरी ही कीं, वर्तुळाचा व्यास, धोंड्यांचें आकारमान आणि आंतील वस्तु यांचा परस्परसंबंध तिन्ही ग्रंथांची मिळून एकत्र कोष्टकें करून कोणी पाहिला तर फार उपयोग होईल. मोठ्या वर्तुळांत मोठा मनुष्य होता कीं नाहीं, हा प्रश्न त्याखेरीज सुटावयाचा नाहीं. तिसरी उणीव भाषेची. तिन्ही ग्रंथ इंग्रजींत आहेत. ज्यांच्या शेतांत हीं वर्तुळें आहेत त्यांस तीं कशाचीं हें मराठींत सांगणारें लेखन फारच थोडें झालें. डॉ. म. के. ढवळीकर यांचें ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हें पुस्तक त्या दिशेनें मोलाचें आहे. परंतु एका पुस्तकानें हें काम भागत नाहीं.

कालनिर्णयाविषयींही वाचकांनीं सावध असावें. कर्नाटकांतील ब्रह्मगिरीचें उत्खनन १९४७ मध्यें व्हीलर यांनीं केलें, तेव्हां महाश्म दफनांचा आरंभ त्यांनीं इ. स. पू. २०० च्या सुमारास धरला. पुढें कार्बन १४ पद्धति आली आणि तो आरंभ कित्येक शतकें मागें गेला. व्हीलरांसारख्याचा निर्णय एका पिढींत फिरला, तर आमच्या वर्गांतल्या फळ्यावरचें वाक्य किती काळ टिकावें ?

(७) किनाऱ्यावरून

शेवटीं कोंकणचा प्रश्न. आमच्या किनाऱ्यावर अशीं वर्तुळें कां नाहींत, असें विद्यार्थी विचारीत, आणि अलीकडे तर भ्रमणध्वनीवर दगडांचीं चित्रें पाठवून ‘गुरुजी, हें महाश्म का ?’ असें विचारतात. आजवर मला पाठविलेल्या चित्रांत वीरगळ होते, सतीचे दगड होते, खाजणाच्या बांधाचे ढांसळलेले दगड होते; विदर्भांतल्यासारखें एकही वर्तुळ नव्हतें. एवढ्यावरून त्या काळीं किनारा निर्मनुष्य होता असें ठरत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत बारसू, उक्षी, कशेळी येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेलीं कातळशिल्पें आतां सर्वांस माहीत झालीं आहेत, आणि २०२२ मध्यें युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादींत त्यांचा समावेश झाला. त्यांचा काळ अद्याप निश्चित नाहीं. त्यांस महाश्मांशीं जोडून देण्याची घाई म्हणजे माझ्या शतपथाच्या चुकीचीच पुनरावृत्ति होईल.

किनाऱ्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी विदर्भाच्या वर्तुळांकडे नाहीं : बोलणारा दगड. राजपुरीच्या खाडीकडे मांदाडजवळ कुडें येथें २६ लेणीं आहेत, आणि त्यांतील शिलालेखांत दान देणाऱ्यांचे धंदे कोरलेले आहेत. महाभोजांच्या घराण्यांतील माणसांबरोबर तेथें एक माळी आहे, आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. नैकुंडच्या भट्टीनंतर कांहीं शतकांनीं लोखंड विकणारा मनुष्य आपलें नांव दगडावर कोरून घेतो, हा फरक विचार करण्यासारखा आहे. ज्या गोगटे यांनीं नैकुंडच्या मळीचा अभ्यास केला, त्यांनींच पुढें आमच्या चौल बंदराचें उत्खनन केलें, आणि ग्रीक लेखकांनीं सिमुल्ल म्हणून उल्लेखिलेलें बंदर तें हेंच, हें मत त्या कामानें बळकट झालें. घाटावर व घाटाखालीं शोधाचा विषय एकच आहे : ज्यांचें नांव उरलें नाहीं त्या काम करणाऱ्या माणसाचा.

आतां उरतो तो निकडीचा मुद्दा. जुनापाणीचीं वर्तुळें केंद्र सरकारच्या संरक्षणाखालीं आहेत. परंतु विदर्भांतील इतर पुष्कळ ठिकाणीं तसें संरक्षण नाहीं. नागपूर शहर वाढत आहे, खडीसाठीं दगड लागतो, आणि शेत सपाट करितांना धोंडे बाजूस ढकलले जातात. वर्तुळ मोडलें तर निदान मोडलें हें दिसतें. पांढर नांगराखालीं गेली तर कोणाच्या लक्षांतही येत नाहीं, आणि वर दाखविल्याप्रमाणें या समाजाचा खरा पुरावा तेथेंच आहे. म्हणून ज्या अभ्यासकांच्या हातीं पुढील उत्खननें असतील, त्यांस सुचवावेंसें वाटतें कीं वर्तुळें आहेत तशीं राहूं द्यावीं आणि कुदळ प्रथम पांढरीवर चालवावी.

माझ्या त्या विद्यार्थ्यानें टिपणांतलें वाक्य खोडून तेथें काय लिहावें असें विचारलें. मीं त्यास सांगितलें कीं लोखंड, मसूर, तांदूळ, मणी व घोडा हीं पांच नांवें लिही, आणि यांपैकीं कोणती वस्तु सर्वांच्या घरीं असेल व कोणती एकाच्याच, हें मुलांस विचार. असुर कोण होते हें मुलांनीं विचारल्यास तें शतपथास ठाऊक, असें सांगावें.